शेवटी कापलंच ना?

"शेवटी कापलंच ना? मग तेच आधी कापलं असतं तर माझी बहीण आज असती!"

मेव्हणीने हे पुन्हा म्हटलं, तेही दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. शिंप्याने मशीनवरचा पाय काढला. बायको जाऊन महिना झाला होता, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण सर्जन झाला होता.

"ताई, आत चला."

आत म्हणजे पडद्यामागची खोली. तिथेच त्याची बायको झोपायची.

"कॅन्सर छातीतून मणक्यात गेला होता, यकृतात गेला होता. किती वेळा सांगू?"

"म्हणून मूळ तसंच ठेवायचं?"

त्याचं डोकंच फिरलं, कारण हे वाक्य त्याचंच होतं. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर हात आपटून तो हेच ओरडला होता. 'कसर लागली की आम्ही तेवढं कापड कापून टाकतो!' त्या म्हणाल्या, 'काका, कसर कपाटभर पसरलीय. एवढा तुकडा कापून त्यांचं आयुष्य वाढणार नाही. उलट जखम भरेपर्यंत औषध थांबेल.' कितीतरी दिवस तो त्यांच्या नावाने खडे फोडत होता. पण त्याच औषधावर तिने दोन वर्षं काजं केली, बटणं लावली, त्याच्याशी कडकडून भांडलीसुद्धा. मग छातीतली गाठ फुटून चिघळली.

"शेवटचं ऑपरेशन जगवायला नव्हतंच," तो म्हणाला. "वास जावा म्हणून होतं. तिनेच मागितलं."

"वास?"

"तुम्ही तिथे दारात बसायचात. नाकाला रुमाल लावून. आल्या आल्या उठायचात. ती म्हणाली, ताईला माझा वास येतो. डॉक्टरांना सांगा, जगवू नका, पण माणसांत बसता येईल एवढं करा."

मेव्हणीचा चेहरा उतरला. "मला उमासे यायचे हो. मी तरी काय करू?"

"मला नव्हते येत?"

तिने नजर पडद्याकडे वळवली.

"जखम भरल्यावर रोज फोन करायची तुम्हाला. आता ये म्हणायची."

"मी येणारच होते."

"आलात की. सगळं संपल्यावर."

बाहेरून गिऱ्हाईक ओरडलं, "मास्तर, झाली का पँट?"

"थांबा जरा!" तो खेकसला.

मेव्हणी पलंगाच्या कडेवर टेकली. मग तिने उशी उचलली, नाकाशी धरली आणि तशीच बसून राहिली.

"कसलाच वास येत नाही हो," ती म्हणाली.

"नाही येणार," तो म्हणाला. "धुतलंय सगळं."