रत्नाबाईंचं देहदान

“आजी, जरा हसा!” म्हणत डॉ. नीलेशनं टेबलावरच्या मृतदेहाशेजारी डोकं नेलं, अंगठा वर केला आणि मोबाइलवर फोटो काढला. बाकीचे डॉक्टर हसले.

भिका हातातलं काम टाकून पुढं आला. पालघरजवळच्या त्या मेडिकल कॉलेजात, शरीररचनेच्या विभागात तो बावीस वर्षं शिपाई होता. फॉर्मालिनचा वास, फुगलेली प्रेतं, सगळं पचवलं होतं त्यानं. अशी किळस मात्र कधी आली नव्हती.

“साहेब, तो फोटो डिलीट करा.”

“मामा, अर्धा चेहरा झाकलाय. कोणाला काय कळतंय?”

“मला कळतंय ना.”

मेंदूची शस्त्रक्रिया शिकवायला आलेल्या डॉ. उत्कर्षा घड्याळ बघत म्हणाल्या, “भिका, जाऊ दे. दोनच तास आहेत.”

“मॅडम, या रत्नाबाई. तारापूरकडं शाळेत शिकवायच्या. यांची पोरगी तेजल मेंदूच्या गाठीच्या ऑपरेशनात गेली. डॉक्टरचा हात चुकला. बाईंनी कोणाला शिव्या नाय दिल्या, देहदानाचा फॉर्म भरला. दुसऱ्याच्या पोरीला हात लावायच्या आधी माझ्यावर हात बसवा, बोलल्या. यांना घरनं आणायला मीच गेलतो, तवा यांच्या मालकांनी सांगितलं.”

नीलेशनं फोटो पुसला. “काय नाटकं ही,” एवढं मात्र पुटपुटला.

मग मेंदूपर्यंत पोचायला त्यानं रत्नाबाईंच्या नाकातून दुर्बीण आत घातली. पडद्यावर हाड दिसलं, ते कोरताना हात सटकला आणि मागची धमनी टरकन फाटली.

“पेशंट गेला,” उत्कर्षा शांतपणे म्हणाल्या. “आता दुसऱ्या बाजूनं.”

नीलेशच्या कपाळावर घाम होता. या वेळी तो धमनीच्या केसभर अलीकडे थांबला. भिकानं ते पाहिलं. हात शिकला होता. त्या माणसाची किळस तरीही गेली नाही.

संध्याकाळी सगळे डॉक्टर वापरलेले हातमोजे रत्नाबाईंच्या छातीवर टाकून चहाला गेले. भिका ते उचलत असतानाच पुंजारामांचा, बाईंच्या नवऱ्याचा, फोन आला.

“भिकाभाऊ, आज डॉक्टर येणार होते ना? रत्ना कामी आली का?”

भिकानं हातातले मोजे बादलीत टाकले.

“आल्या, बाबा. लय कामी आल्या.”

“नीट वागले ना तिच्याशी?”

“हो.”

फोन ठेवून त्यानं कापूस पाण्यात बुडवला, पिळला आणि बाईंच्या नाकपुड्या हळूहळू पुसू लागला.