नात्यातलं जाकीट

केळझरच्या मंजुषाचा जीव एका जॅकेटमध्ये अडकला होता. मोठ्या घरच्या बायका एकदा घातलेले कपडे विकायला काढतात, अशा एका ॲपवर तिला ते दिसलं. काळं मखमल, बंद गळा, खांद्यांवर जरीचे मोर. कुठल्याशा बड्या डिझायनरचं, नवं असताना बेचाळीस हजारांचं. तीन महिने ती रोज सकाळी दात घासता घासता त्याचं दर्शन घेत होती. किंमत उतरत उतरत एकोणचाळीसशेवर आली, तेव्हा तिने डोळे मिटून बटण दाबलं.

हौस होती, पण नुसती हौस नव्हती. नागपूरच्या एका भारी शोरूममध्ये तिची मुलाखत होती आणि पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, की येताना अंगावर आवडीचा डिझायनर कपडा असावा आणि त्याविषयी चार शब्द बोलता यावेत. वर्ध्याच्या दुकानात चार वर्षं दुसऱ्यांनी विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालून मंजुषा विटली होती. ही नोकरी तिला हवीच होती. मुलाखत बुधवारी. जॅकेट त्याच्या आधीच्या गुरुवारीच घरी आलं. सगळं वेळेत होतं, फक्त आईचं काय ते बाकी होतं.

आनंदाबाईंनी जॅकेट दोन बोटांच्या चिमटीत धरलं.

"कोनाचं हाय?"

"माझं."

"तुह्या आधी कोनाचं होतं?"

"मले काय मालूम, आई? एकदाच घातलं हाय, असं लिहिलं होतं."

"एकदाच घातलं, मंग इकलं काऊन? मेली तं नाई ते बाई?"

आता या घराला उतरलेल्या कपड्यांचं वावडं होतं, असं कोणी समजू नये. मंजुषाचं अर्धं बालपण मावसबहिणीच्या फ्रॉकांत गेलं होतं आणि तिच्या वडिलांच्या, वासुदेवरावांच्या, अंगावरचा सदरा मूळचा त्यांच्या साळ्याचा होता. पण ते कपडे जुने नव्हते, नात्यातले होते. ज्याचं नातं ठाऊक नाही तो कपडा जुना, ही आनंदाबाईंची व्याख्या. आणि एकदा त्यांनी व्याख्या केली, की खुद्द गावच्या टेकडीवरचा गणपती खाली उतरून आला असता तरी ती बदलली नसती.

तेव्हा जॅकेट ओसरीत खुंटीला लागलं. ओळख पटेपर्यंत आत यायचं नाही. संध्याकाळी शेजारचे नानाजी आले, त्यांना मोर दिसले.

"कोन आलं हाय जी?"

"जाकीट," वासुदेवराव म्हणाले. त्यांना बायकोच्या कारभारात पडायची सवय नव्हती.

"कुठून?"

"दिल्लीकडून. थांबलं हाय बाहेर."

नानाजींनी मान डोलावली आणि खुर्ची जरा सरकवून जॅकेटकडे पाठ होणार नाही अशी लावली. पाहुण्यापुढे पाय पसरून कसं बसायचं, म्हणून त्यांनी पायही आखडून घेतले.

शुक्रवार गेला. शनिवारी मंजुषाने रडायचंच बाकी ठेवलं. शेवटी पार्सलच्या कागदावर पाठवणारणीचं नाव आणि नंबर सापडला. नीलम सूद, गुरुग्राम. तिने फोन लावला मात्र, आनंदाबाईंनी तो हातातून काढून घेतला.

"हॅलो. जिंदा है क्या आप?"

पलीकडून उत्तर आलं, की हां, अभी तो हूँ.

"हां. वो जाकीट आपकाच था न? आपका मायका किधर का?"

एखादीने फोन आपटला असता. पण नीलमबाईंना हा प्रश्न कित्येक वर्षांत कोणी विचारला नसावा, कारण त्या बोलायलाच लागल्या. माहेर अंबाल्याचं. भाऊ दोन, एक कॅनडात. मुलगा मेलबर्नला. गुडघा दुखतो. जॅकेट मुलाच्या लग्नात घातलं होतं, नंतर कुठं जाणंच झालं नाही. आनंदाबाई प्रत्येक उत्तराला "अच्छा" म्हणत होत्या आणि नात्याचा धागा शोधत होत्या. अंबाल्यात काही सापडेना. कॅनडातही आपलं कोणी निघेना.

"और घर में कौन कौन रहता?"

कोणी नाही, नीलमबाई म्हणाल्या. दिवसा ड्रायव्हर असतो. गजेंद्र. तो तुमच्याच बाजूचा आहे, हिंगणघाटचा.

आनंदाबाई सरसावून बसल्या. "उसका ससुराल किधर का?"

गजेंद्रला हाक मारून विचारण्यात आलं. रोहणा.

रोहणा म्हणजे आनंदाबाईंचं माहेर. पुढचा हिशेब त्यांनी उभ्या उभ्या केला. रोहण्याची पोरगी ती आपली बहीण. बहिणीचा नवरा आपला भाऊजी. गजेंद्र नीलमबाईंना काय म्हणतो? दीदी म्हणतो. म्हणजे नीलमबाई झाल्या आपल्या बहिणीची नणंद.

"मंजू," त्यांनी फोनवर हात ठेवून सांगितलं, "आत आन ते जाकीट. घरचंच हाय. अन् हे घे, आत्याबाईसंग बोल."

मंजुषाने फोनवर नमस्कार केला. आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिला आपली आई पुरती ठाऊक नव्हती. फोन परत घेऊन आनंदाबाईंनी नीलमबाईंना विचारलं, की आता नातं निघालंच आहे, तर घरच्या पोरीला दिलेल्या उतरलेल्या कपड्याचे पैसे कोणी घेतं का कुठे. नीलमबाई शरमल्या. दहा मिनिटांत एकोणचाळीसशे रुपये मंजुषाच्या खात्यात परत आले. आनंदाबाईंनी लगेच कुरड्या, लाल मिरच्या आणि दोन किलो तुरीची डाळ बांधायला घेतली, कारण नणंदेचं फुकट खायला आपण काही भिकारी नाही.

डाळ पोचवायची वेळच आली नाही. मंगळवारी सकाळी दारात गाडी थांबली आणि तीतून गजेंद्र आणि त्याच्यामागे पांढऱ्या केसांच्या, गुडघा धरून उतरणाऱ्या नीलमबाई आल्या. नागपूरपर्यंत विमानाने, पुढे भाड्याच्या गाडीने. म्हणाल्या, रहा नहीं गया.

त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली. नीलमबाईंनी पाच खाल्ल्या, दुपारी खाटेवर झोपल्या, उठून नानाजींना गुडघा दाखवला. गजेंद्रने आनंदाबाईंच्या माहेरचा जावई म्हणून आठ घरी चहा घेतला. मंजुषाला त्या बाई मनापासून आवडल्या. एकीकडे तिने उद्यासाठी जॅकेटला हलकी इस्त्रीही मारून ठेवली.

चार वाजता पाहुणे निघाले. आनंदाबाई कुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि कपाटाशी जाऊन थबकल्या. पहिल्यांदा घरी आलेली नणंद कापडाशिवाय जाणार नाही, हे उघड होतं. पण घरात कोरी साडी नव्हती, आणि जवळच्या सेलूला जाऊन घेऊन यायलाही वेळ नव्हता.

"तुही टसर दे ना," मंजुषा कुजबुजली. तिला पुढचं दिसायला लागलं होतं.

"नेसलेलं लुगडं नणंदेले देतेत का, येडे? जाकीट तं आपल्याकडं कोनं अंगाले लावलंच नाई. म्हंजे कोरंच हाय."

मंजुषा काही बोलायच्या आत कुंकू लागलं, ओटीत तांदूळ पडले, आणि तांदळावर मखमल. तिला इतका राग आला की कानांतून वाफ निघेल असं वाटलं. नीलमबाईंनी घडी उलगडली, मोर पाहिले, आणि त्यांवरून हळूच हात फिरवला. आपलंच जॅकेट त्यांना ओळखू आलं नाही, की आलं, हे देव जाणे. ते उराशी धरून त्या मंजुषाला म्हणाल्या, "कितना सुंदर है. कहाँ से लिया, बेटा?"

खरं काय ते सांगायला मंजुषाने तोंड उघडलं होतं. पण त्या बाईंचा चेहरा असा काही उजळला होता, की तिच्याच्याने होईना.

"घरका ही है, आत्या," ती म्हणाली.

रात्रभर ती आईशी बोलली नाही. सकाळी खाटेवर आनंदाबाईंची करवतकाठी टसर घडी करून ठेवलेली होती. दुसरं काही नव्हतंच, म्हणून मुकाट्याने ती नेसून मंजुषा नागपूरला गेली.

शोरूमच्या केबिनमध्ये काचेच्या टेबलामागे एक बाई बसली होती, कापलेले केस, इंग्रजी बोलणं. तिने मंजुषाला खालीवर पाहिलं.

"ब्यूटिफुल. हे कोणाचं आहे?"

जॅकेटच्या डिझायनरबद्दल पाठ केलेली पंधरा वाक्यं मंजुषाच्या डोक्यातून उडून गेली. आता खोटं तरी काय सांगणार.

"आनंदाबाईचं."

बाईने वहीत लिहून घेतलं. "नवीन लेबल आहे? कुठलं?"

"केळझर."

"स्टोअर आहे, की ऑनलाइन?"

"नाही," मंजुषा म्हणाली. नोकरी गेल्यातच जमा होती, त्यामुळे ती निवांत खरं बोलू लागली. "त्या विकत नाहीत. ज्याचं नातं निघतं त्यालाच देतात. ओळख पटल्याशिवाय कपडा उंबऱ्याच्या आत येत नाही आणि बाहेरही जात नाही. काल एका बाईंना दिलं, त्या गुरुग्रामहून विमानाने आल्या होत्या."

बाईचं पेन थांबलं. तिने मागे वळून केबिनचं दार नीट लागलं आहे ना पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"ऐक ना," ती म्हणाली, "मी तं सेलूची हाय. माह्या आज्याची चुलत बहीण केळझरातच देली होती. तेवढ्यात काही नातं निघते का पाय ना."