सुईच्या पुढे दोन रेघा

आत्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायला यायचं: विहिरींचं, पोहण्याच्या तलावांचं, कारखान्यांतून बाहेर पडणारं. शाळा सुटली की मी तिथेच. बीकर विसळायचं काम माझ्याकडे होतं. पीएच मीटरला मात्र हात लावायची बंदी. करड्या पत्र्याचं खोकं, समोर काच, काचेआड काळी सुई. पाणी आम्ल की अल्कली हे ती सुई सांगायची. आत्या काचेचा इलेक्ट्रोड पाण्यात बुडवायची आणि सुई स्थिर होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. फक्त आत्याचे यजमान, माझे काका, दारातून विचारायचे, "बसल्या का बाईसाहेब?"

"बसताहेत. तुम्ही गप्प राहिलात तर लवकर बसतील."

काका गेले, मी शिकायला बाहेर गेले, पदवी घेऊन परत आले, तरी त्या खोलीतला स्पिरिटचा वास तसाच होता आणि मीटरही तोच. फक्त त्याला बसणारे इलेक्ट्रोड आता बनत नव्हते. शेवटचा होता तोही थकला; सुई बसायची, पण फार वेळ घ्यायची. दुरुस्तीवाल्याने खोकं उघडलं, बंद केलं आणि हात टेकले.

"वहिनी, आता याचा एक चांगला फोटो काढून ठेवा."

नवा मीटर निवडायचं माझ्यावर आलं. मी माहितीपत्रकांचा ढीग वाचून काढला. इलेक्ट्रोड कुठल्याही कंपनीचा चालावा, आणि दुरुस्ती गावातल्या गावात व्हावी, एवढ्या दोन अटींवर बहुतेक यंत्रं बाद झाली. कंपनीच्या माणसाला महागडं यंत्र खपवायचं होतं.

"ताई, यात ब्लूटूथ आहे."

"पाण्याला कुणाला फोन करायचाय?" आत्याने विचारलं.

शेवटी मी निवडलेला साधा मीटर आठवडाभर वापरून बघण्यासाठी आला. आत्याने आधीच स्पष्ट सांगितलं, "हा जमला तर प्रयोगशाळा तू चालव. नाही जमला तर मी कुलूप लावते. चुकीचे आकडे विकून मला पोट भरायचं नाही."

मग दोन्ही मीटर शेजारी शेजारी ठेवून तेच पाणी दोन्हींत तपासायला सुरुवात झाली. आकडे वाचायचे आणि लिहायचे आत्यानेच, हा जुना नेम. मी नमुने तयार करून द्यायचे. संध्याकाळी कागद बघितला, तर नवा मीटर प्रत्येक नमुन्याला जुन्यापेक्षा शून्य पूर्णांक दोनने जास्त. दुसऱ्या दिवशीही तेच. कंपनीचा माणूस आला, त्याने ठरावीक पीएचचं प्रमाण द्रावण घालून दाखवलं. सात म्हणजे सात.

"तुमच्या बाटलीतल्या पाण्याला बरोबर सांगतो," आत्या म्हणाली. "आमच्या पाण्याला चुकतो. घेऊन जा शुक्रवारी."

माझी झोप उडाली. तापमान बघितलं, इलेक्ट्रोड बदलला, ढवळणं थांबवून बघितलं. फरक जागचा हलेना. मला तेच खटकत होतं. खराब यंत्र असं शिस्तीत चुकत नाही.

गुरुवारी विसळायचं सोडून मी आत्याच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले. नव्या मीटरच्या पडद्यावर सात पूर्णांक दोन. आत्याने लिहिलं, सात पूर्णांक चार.

"आत्या, पडद्यावर किती आहे?"

"सात दोन."

"आणि तू किती लिहिलंस?"

तिने कागदाकडे बघितलं. मग पेन खाली ठेवलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "मी दोन मिळवले."

"कशात?"

"ह्याच्या सुईत मिळवते ना." तिने जुन्या मीटरवर हात ठेवला. "दुकानातून आणताना तुझे काका हमालाच्या हाती देईनात. लेकरासारखं कवटाळून आणलं आणि आपल्याच जिन्यात घसरले. पाठ सोलली, पण खोकं खाली पडू दिलं नाही. फक्त सुई जुळवायचं बटण भिंतीवर आपटलं. तेव्हापासून सुई दोन रेघा मागे. कितीही पिळा, पुढे येत नाही."

"मग दुकानात बदलून का नाही आणला?"

"लाज वाटली त्यांना. म्हणाले, रोज दोन मिळवू, त्यात काय मोठं." ती हसली. "पहिले काही महिने मी आकडा वाचायची आणि ते दारातून ओरडायचे, दोन! नंतर ओरडायची गरज पडेना. आणि मग मिळवतेय हेच विसरले."

इतकी वर्षं मी त्या खोलीत वाढले, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते त्यांना वाटलंच नसेल.

आत्याने पुढचा नमुना ओढला. इलेक्ट्रोड धुतला, पुसला नाही, कागदाने नुसता टिपला, पाण्यात बुडवला. आकडा थांबला. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. बराच वेळ.

"नाही गं," ती शेवटी म्हणाली. "हात ऐकत नाही."

ती स्टुलावरून उठली आणि पेन माझ्याकडे दिलं.

"मीटर राहू दे. त्या माणसाला तसं कळव. पण वाचायचं तू, लिहायचंही तू. मी बीकर विसळते."

मी बसले. स्टूल अजून गरम होतं. मागे नळ सुरू झाला. मी पडद्यावर होतं तेवढंच लिहिलं.