मांडीवर शिकलेलं लंडन

लंडन नकाशात दाखव म्हटलं तर मला शोधावं लागेल. पण त्या नावाची बुद्धिबळाची ओपनिंग मी शिवांशला पाजता पाजता शिकले. एका हातात तो, दुसऱ्या हातात मोबाईल. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, मग उंट बाहेर, मग राजापुढचं प्यादं एकच घर. समोरचा काही खेळो, आपली मांडणी जवळपास तीच. अर्धवट झोपेतल्या बाईला आणखी काय पाहिजे?

लातूरच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीतही तेच खेळले. समोर सोमेश, पोरांचे क्लास घेणारा. सुरुवातीच्या चाली भराभर करून मी वेळ साठवला. बाहेर व्हरांड्यात माझी नणंद महानंदा लेकराला घेऊन बसली होती, आणि भूक काही विचारून लागत नाही.

डाव रंगात आला आणि सोमेशचा उंट फुकट गेला. तेवढ्यात बाहेरून रडणं ऐकू आलं. दुधानं माझा पदर ओला झाला.

"सर, पाजून येऊ का?" मी पंचांना, अण्णाराव सरांना, विचारलं. "माझं घड्याळ चालू राहू द्या."

"बाई, खेळायचं का लेकरं सांभाळायची, हे ठरवून यायचं असतं."

अंगाची लाहीलाही झाली. सकाळपासून पुरुष चहाला, तंबाखूला जाऊन येत होते. त्यांना असं कुणी विचारलं होतं?

सोमेश गोड हसला. "ताई, बरोबरी घेऊन टाका. लेकरू रडून राहिलंय."

उंट घालवलेला माणूस माझ्या लेकराच्या रडण्यात अर्धा गुण शोधत होता!

"सर," मी मोठ्यानंच म्हटलं, "मघाशी हे भाऊ तंबाखूला गेले, तेव्हा चाल त्यांचीच होती. तरी तुम्ही 'हाव, जा' म्हणालात."

आजूबाजूच्या टेबलांवरची डोकी वर झाली. सर घुटमळले. "जा. लवकर या."

लवकर! लेकराला लवकर पी म्हणता येतं का? खांबाआड बसून पाजलं.

"वहिनी, घड्याळ पळून राहिलं की," महानंदा कुजबुजली.

"पळू दे. ह्याच्यासाठीच तर वेळ साठवला."

माझ्या बोटाभोवतीची त्याची मूठ हळूहळू सैल झाली.

परत आले तेव्हा माझी मोजकीच मिनिटं उरली होती. सोमेश म्हणाला, "बरोबरी अजून मिळंल, ताई."

"लेकरू झोपलं, भाऊ. आता खेळू."

माझ्या घोड्यानं सोमेशच्या राजाला शह दिला. त्याच घोड्याच्या तडाख्यात त्याचा वजीरही होता. बराच वेळ बघून त्यानं आपला राजा आडवा केला.

निकाल लिहिताना सर म्हणाले, "नशीब लई जोरात हाय तुमचं, बाई."

"नशीब बाहेर झोपलंय, सर," मी म्हटलं. "हा डाव माझा हाय."