मोरपंखी जोड

आत्याच्या वर्कशॉपात टायटॅनियमच्या सायकली बनतात आणि माझ्या हाती फक्त पॉलिशचा बोळा असतो. काल मात्र आत्या म्हणाली, "दोन नळ्या जोडून दाखव. जोर लावल्यावर जोड नुसता वाकला, तर माझ्या शर्यतीच्या सायकलीचं वेल्डिंग तुझं. मोडला, तर बोळा जन्माचा."

मी जोड मारला. इतका झकास बसला की सगळ्यांना दाखवायला वेल्डिंगचा टॉर्च लगेच उचलला. टॉर्चमधून आरगॉन वायू वाहतो. तापलेल्या टायटॅनियमला तो हवा लागू देत नाही. म्हणून जोड निवेपर्यंत टॉर्च हलवायचा नसतो. हे मला पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टी ऐन वेळी कुठे जातात, देव जाणे.

जोड मोरपंखी निळा झाला.

"अहाहा!" सायकली रंगवणारा रंगारी म्हणाला. "मी याला रंग देणार नाही. माझा अपमान होईल."

आत्याच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, तो कानाला लावून पाहिला आणि आपल्याला डूल शोभतो असं जाहीर केलं.

"छान," आत्या म्हणाली. "वाकव."

व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून मी जोर लावला. टण्ण! अर्धी नळी उडाली ती थेट काकांच्या चहात.

"हवेतला ऑक्सिजन प्यायलाय तो," आत्या म्हणाली. "थोडा मुरला की टायटॅनियम कणखर होतं. जास्त झाला की इतकं ताठ, की वाकणं ठाऊकच नाही, थेट मोडणं. तुझ्या काकांसारखं."

"मी इथेच आहे," काका चहातून नळी काढत म्हणाले.

"म्हणूनच बोलले. हं, महाराणी, आणखी एकदा. शेवटचं."

आता वाऱ्याची झुळूकही नको म्हणून रंगाऱ्याने पंखा बंद केला. मग दार लावलं. मग, काही राहायला नको म्हणून, श्वास रोखला. काकांनीही रोखला. याने काडीचा फरक पडत नाही हे आत्याला पक्कं माहीत होतं. तिचेही गाल फुगलेले दिसले.

मी जोड मारला आणि टॉर्च धरून बसले. नाक खाजलं. बसले. रंगारी डोळ्यांनी गयावया करत होता. बसले.

जोड निवला. रुपेरी, जुन्या चमच्याइतका देखणा. आत्याने हातानेच खूण केली: वाकव.

वाकला. आणखी वाकला. पार घोड्याचा नाल झाला, पण हूं नाही की चूं नाही.

"हाऽऽश!" सगळं वर्कशॉप एकदम सुटलं. रंगारी जमिनीवर बसला. काका मोरपंखी झाले होते.

आत्याने माझ्याकडचा टॉर्च काढला नाही. माझ्या खिशातला बोळा काढला आणि काकांना दिला.