शर्टाच्या बदल्यात

आई कादंबऱ्या लिहिते. ऐकायला फार छान वाटतं. चार दिवस राहायला या आमच्याकडे, म्हणजे कळेल.

सध्याच्या कादंबरीतली पंधरा वर्षांची मुलगी कोणाशी बोलत नाही, शाळेच्या जिन्यात बसून एकटीच डबा खाते. का, ते आईलाच माहीत नव्हतं. संपादकबाईंनी तिला फोनवर धारेवर धरलं. "अहो, पोरगी एकलकोंडी आहे, मान्य. पण का? कारण पटायला नको?" आईने आधी त्या मुलीचे वडील मारून पाहिले. मग त्यांना जिवंत करून मुलीला आजारी पाडलं. बाईंना काहीच पटेना. आई चिडचिड करत घरभर फिरायची आणि रोज काही ना काही करपायचं.

मला हसू येत होतं, आणि रागही. कारण जिन्यात बसून डबा मीच खाते.

मागच्या कादंबरीत आईने माझ्या वर्गातल्या एकीचा पळून गेलेला भाऊ घातला होता. जेवताना मीच त्याच्याबद्दल बोलून गेले होते. आईने त्याचं नाव बदललं, वय बदललं, पण दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालायची त्याची सवय तेवढी ठेवली. पुस्तक गाजलं. वर्गात सगळ्यांनी वाचलं. तेव्हापासून मी जवळ गेले की पोरी एकदम गृहपाठाबद्दल बोलायला लागतात. मला भयंकर वाईट वाटतं, पण त्यांचं तरी काय चुकलं?

मग या वर्षी खारूताई आली. नवीन मुलगी, सतत पेन नाहीतर नखं कुरतडत असते, म्हणून मी ठेवलेलं नाव. तिला माझ्याबद्दल कोणी सांगितलं नव्हतं, की सांगूनही तिने कानाआड केलं, कोण जाणे. गेल्या आठवड्यात माझ्या खोलीत बसून ती म्हणाली, "बाबा घर सोडून गेल्यापासून मी त्यांचा जुना चौकड्यांचा शर्ट घालून झोपते. आईलाही माहीत नाही. कोणाला सांगू नकोस हं." मी कोणालाच सांगितलं नाही. दार मात्र उघडं होतं, आणि बाहेर आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

काल संपादकबाईंचा फोन आला तेव्हा आई भांडी घासत होती, म्हणून तिने स्पीकर लावला. "पटलं हो कारण! तो वडिलांचा शर्ट... रडलेच मी. उद्या छापायला देते."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "आई, तो शर्ट काढ."

"अगं, नाव कुठे घातलंय मी तिचं? आणि चौकड्यांचा होता, तो पट्ट्यापट्ट्यांचा केलाय."

"मोजे आठवतात ना?"

आई ओल्या हातांनीच खुर्चीत बसली. "शर्ट काढला तर ती एकटी का, हे परत राहिलंच की. दुसरं कारण आणू कुठून आता?"

"मी देते," मी म्हटलं. "तिची आई लेखिका आहे. पोरीजवळ कोणी मनातलं बोललं की ते छापून येतं. म्हणून तिच्याजवळ कोणी बोलत नाही. एकच मैत्रीण बोलते. पुस्तक आलं की तीही बोलायची बंद होईल."

नळ तसाच वाहत होता. आईचा चेहरा पडला. मला वाटलं, आता ही मला जवळ घेईल. खरं सांगायचं तर मी वाटच बघत होते. आईने फोन उचलला. "बाई, शर्ट काढून टाका. सकाळपर्यंत दुसरं पाठवते," म्हणाली. मग पदराला हात पुसले, डोळे पुसले आणि फ्रीजवरची पेन्सिल घेतली.

"परत एकदा सांग," ती हळूच म्हणाली. "अगदी तसंच."

मी नळ बंद केला आणि परत सांगितलं. सावकाश, तिला लिहून घेता यावं म्हणून.