पहिलं नाव माझं

आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक अंक मी काढते. अंकात ज्यांच्या कविता छापल्या, ते सगळे एका रविवारी हेब्बाळच्या हॉलवर येऊन त्या वाचतात. ऐकायला वेगळं कोणी येत नाही. आपली कविता झाली की कवी चहा घेतो आणि मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकचं नाव सांगून सटकतो. संपादकाने शेवटी वाचायचं, अशी रीत. माझी पाळी येईपर्यंत समोर उरायचा फक्त जितेंद्र, माझा नवरा. त्याला कवितेतलं ओ की ठो कळायचं नाही, पण बसायचा बिचारा.

गेल्या वर्षी जितेंद्र गेला. त्याच्यावर लिहिलेली माझी कविता कोणीतरी ऐकावी, एवढंच मला हवं होतं. छापून काय, मीच छापते. म्हणून यंदा म्हटलं, रीत गेली खड्ड्यात, आणि पहिलं नाव माझं लावलं. शेवटचं अहल्याक्कांचं. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या इथलं, बोलण्यात अधूनमधून कानडी, पण स्वभाव सोशिक; त्या काही तक्रार करणार नाहीत.

हॉल भरला होता. मी वाचायला लागले आणि बघते तर काय, जो तो आपापला कागद काढून पुटपुटतोय. रघुनंदन तर कविता संपायच्या आधीच "वा, सुरेख" म्हणून मोकळा झाला. असा संताप आला, वाटलं अंकच बंद करून टाकावा.

खुर्चीत येऊन बसले. एकेक जण वाचून गेला. अक्का उभ्या राहिल्या तेव्हा हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो. त्यांनी वाचलं, मध्येच थांबून डोळे पुसले, पुढे वाचलं. संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या.

"वा अक्का, सुरेख."

"कुठली ओळ आवडली गं?"

मला एकही ओळ आठवेना. त्या कवितेची प्रुफं मीच तपासली होती, पण वेलांट्यांपलीकडे काही बघितलंच नव्हतं.

"सरी, असू दे," अक्का म्हणाल्या. "तुझी मी ऐकली हं. त्याच्या फोनवर अजून ओटीपी येतात म्हणालीस ना, तिथे मला रडूच आलं."

"अक्का, परत वाचा ना. आता ऐकते, खरंच."

"चष्मा ठेवला गं पिशवीत. खाली ऑटो आलाय. पुढच्या वर्षी बघू."

अक्का नव्वदीला टेकल्या आहेत. मी त्यांचा हात धरून त्यांना जिना उतरवला आणि ऑटोत बसवलं.